दारू सोडली आणि एचडीएल घटले: लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट नीट वाचताना

गटारी आटोपली की श्रावणभर, आणि पुढे गणपती उठेपर्यंत, ग्लासाला हात न लावणारी मंडळी पुण्यात बरीच आहेत. त्यांतल्या काहींची कंपनीतली वार्षिक आरोग्य तपासणी याच सुमारास येते. रिपोर्ट हाती आल्यावर जुना कागद शेजारी ठेवून आकडे पाहिले जातात. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, चांगलीच उतरलेली असतात, त्याचे समाधान वाटते. पण ‘चांगले’ म्हणून ओळखले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल थोडे घटलेले असते, आणि ‘वाईट’ म्हणून बदनाम असलेले एलडीएल मात्र आधीपेक्षा वाढलेले दिसते. मग साहजिकच मनात येते की थोडी घेत होतो तेच बरे होते. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे समजण्यासाठी कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या प्रथिनांचे काम कसे चालते आणि मद्य त्यात नेमके कुठे ढवळाढवळ करते, हे पाहावे लागते.

कोलेस्टेरॉल आणि चरबी रक्तात विरघळत नाहीत. म्हणून यकृत आणि आतडे त्यांचे सूक्ष्म गोळे बनवून रक्तात सोडतात. गोळ्याच्या आत ट्रायग्लिसराइड्स आणि कोलेस्टेरॉल असते, भोवती फॉस्फोलिपिडचा पातळ थर असतो आणि त्या थरात प्रथिने बसवलेली असतात. या संपूर्ण कणाला लिपोप्रोटीन म्हणतात आणि त्यातल्या प्रथिनाला अपोप्रोटीन. कण कुठे जाणार, कोणत्या पेशी त्याला आत घेणार, कोणते विकर (एन्झाइम) त्याच्यावर काम करणार, हे सारे ही प्रथिने ठरवतात. आपल्या विषयापुरती त्यांतली दोन महत्त्वाची आहेत. अपो-बी हे यकृतातून निघणाऱ्या व्हीएलडीएल कणात असते. त्या कणातली ट्रायग्लिसराइड्स स्नायू आणि चरबीच्या पेशींनी काढून घेतली, की उरलेल्यांपैकी बरेच कण शेवटी एलडीएल बनतात. अपो-ए-वन हे एचडीएलचे मुख्य प्रथिन. पेशींमधले जास्तीचे कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे परत पाठवण्याच्या कामात त्याचा वाटा असतो.

अपो-बीची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रत्येक व्हीएलडीएल आणि प्रत्येक एलडीएल कणात अपो-बीचा एकच रेणू असतो, आणि तो कण रक्तातून नाहीसा होईपर्यंत त्याला सोडत नाही. त्यामुळे रक्तातले अपो-बी मोजणे म्हणजे असे कण किती आहेत तेच मोजणे होय. मार्केट यार्डाच्या रस्त्यावर कोंडी किती होणार हे टेम्पोंच्या संख्येवर ठरते, प्रत्येक टेम्पोत किती पोती आहेत यावर नाही. नेहमीच्या रिपोर्टमधला एलडीएल कोलेस्टेरॉलचा आकडा मात्र पोती मोजतो. रोहिणीच्या (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीच्या) भित्तिकेत शिरून अडकतात ते कण, आणि म्हणून धोका मुख्यतः कणांच्या संख्येशी बांधलेला असतो. एलडीएल कण पेशीत ओढून घेणारा ग्राहक (पेशीच्या पृष्ठभागावरचे रिसेप्टर प्रथिन) शोधल्याबद्दल मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा ग्राहक अपो-बीलाच ओळखून धरतो.

आता मद्याकडे वळू. त्याआधी मोजमाप नीट करून घेतले पाहिजे, कारण ‘थोडीशी’ या शब्दात पुष्कळ काही लपते. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते. ३० मिलिलिटरच्या एका स्मॉल पेगमध्ये म्हणजे सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते आणि लार्ज पेगमध्ये २० ग्रॅम. ‘आपण बिअरच घेतो’ असे सांगणाऱ्याने हिशेब अवश्य करावा: ८ टक्क्यांची ६५० मिलिलिटरची स्ट्राँग बिअरची एक बाटली संपवली, तर सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल होते, म्हणजे व्हिस्कीचे चार स्मॉल पेग. प्रत्येक ग्रॅममागे ७ कॅलरी धरल्या, तर त्या एका बाटलीतल्या केवळ अल्कोहोलच्या कॅलरी २८० च्या वर जातात. परदेशी अभ्यासांत ‘मध्यम प्रमाण’ म्हणून जे सांगितले जाते, ते बहुतेक वेळा या एका बाटलीपेक्षा कमी असते.

हे अल्कोहोल साठवण्याची सोय शरीरात नाही, त्यामुळे यकृत बाकीची कामे बाजूला ठेवून आधी त्याचा निकाल लावते. पहिल्या पायरीवर त्याचे असिटाल्डिहाइड होते आणि दुसऱ्या पायरीवर असिटेट. दोन्ही पायऱ्यांवर एनएडी नावाचा मदतनीस रेणू खर्ची पडतो आणि त्याचे एनएडीएच हे रूप साचत जाते. हीच खरी गोम आहे. यकृताच्या पेशीला मेदाम्ले (चरबीचे घटक, फॅटी ॲसिड) जाळण्यासाठी मोकळे एनएडी लागते; ते मिळेनासे झाले की चरबी जळायची थांबते आणि न जळलेल्या मेदाम्लांची ट्रायग्लिसराइड्स बनतात. शिवाय यकृताने रक्तात सोडलेले असिटेट स्नायू आनंदाने इंधन म्हणून वापरतात, म्हणजे तिथलीही चरबी तशीच राहते. दारूचीच चरबी होते अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात प्यायलेल्या अल्कोहोलचा अगदी लहान भाग चरबीत रूपांतरित होतो; त्याचा मोठा परिणाम हा, की अन्नातून आलेली आणि शरीरात आधीपासून असलेली चरबी जळायची राहून जाते. रोज आणि भरपूर पिणाऱ्यांच्या यकृतात याच्या जोडीला नवी चरबी तयार करणारी यंत्रणाही वाढीस लागते.

साचलेल्या ट्रायग्लिसराइड्सना वाटा दोनच. एक तर ती यकृतातच राहतात, ज्याला आपण सोनोग्राफीच्या रिपोर्टवर फॅटी लिव्हर म्हणून वाचतो; किंवा यकृत ती अपो-बीसोबत बांधून व्हीएलडीएलच्या रूपाने रक्तात पाठवते. मद्यानंतर रक्तातली ट्रायग्लिसराइड्स वाढलेली दिसतात ती मुख्यतः या दुसऱ्या वाटेने. त्यात भर पडते ती चकण्याची. तळलेले शेंगदाणे, चिकन सिक्स्टी-फाइव्ह, मसाला पापड आणि शेवटी उशिराचे जेवण, यांतली चरबी आतड्यातून कायलोमायक्रॉन या मोठ्या कणांमधून रक्तात येते. व्हीएलडीएल आणि कायलोमायक्रॉन या दोघांमधली ट्रायग्लिसराइड्स उतरवून घेणारे विकर एकच आहे, लिपोप्रोटीन लायपेज, आणि बैठकीच्या वेळी पोटात गेलेले अल्कोहोल नेमके त्याचेच काम मंदावते. माल वाढतो आणि उतरवणी मंदावते, म्हणून दारू आणि तेलकट खाणे एकत्र घेतल्यावर ट्रायग्लिसराइड्स जितकी चढतात, तितकी ती दोहोंपैकी एकामुळे चढत नाहीत. एरवी अंगाने सडपातळ आणि रोज थोडी घेणाऱ्या माणसात हे विकर पुढे सरावते आणि त्याची ट्रायग्लिसराइड्स उपाशीपोटी तपासली तर फारशी वाढलेली नसतातही. ज्याचे पोट सुटलेले आहे, ज्याला मधुमेह आहे किंवा ज्याच्या घराण्यातच ट्रायग्लिसराइड्स वाढण्याची प्रवृत्ती आहे, त्याला मात्र ही सवलत मिळत नाही.

आणि पुण्यातल्या वाचकाने स्वतःला पहिल्या गटात धरण्याची घाई करू नये. इथल्याच केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षे केलेल्या संशोधनातून ‘बारीक पण चरबीयुक्त’ भारतीय देहाची कल्पना जगापुढे आली. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र छापून आले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर सडपातळ ठरणाऱ्या आपल्या माणसांच्या पोटात आणि यकृतात चरबी आधीच जास्त असू शकते. त्यामुळेच भारतीयांमध्ये ट्रायग्लिसराइड्स जास्त आणि एचडीएल कमी असा जोड वारंवार सापडतो. अशा यकृतावर मद्याचा भार पडला, तर थोडी पिणे हृदयाला बरे, असे युरोपातल्या पाहण्यांवरून काढलेले दिलाशाचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यावरून सगळा गोंधळ होतो, त्या एचडीएलकडे आता येऊ. मद्याने एचडीएल वाढते ही गोष्ट खरी आहे आणि ती नीट तपासलेली आहे. १९९९ साली अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा रोज ३० ग्रॅम अल्कोहोल घेतल्यास एचडीएल डेसिलिटरमागे साधारण ४ मिलिग्रॅमने वाढते असे दिसले; अपो-ए-वनही वाढते. एचडीएल वाढण्याची कारणे दोन दिसतात. पहिले म्हणजे यकृत अपो-ए-वन आणि अपो-ए-टू ही प्रथिने अधिक प्रमाणात रक्तात सोडू लागते. दुसरे कारण सीईटीपी नावाच्या एका प्रथिनाशी जोडलेले आहे. हे प्रथिन एचडीएलमधले कोलेस्टेरॉल व्हीएलडीएल आणि एलडीएल यांच्याकडे आणि त्यांच्याकडची ट्रायग्लिसराइड्स एचडीएलकडे, अशी अदलाबदल घडवून आणते. जास्त पिणाऱ्यांच्या रक्तात सीईटीपीची क्रिया घटलेली आढळते, आणि दारू सोडल्यावर ती पुन्हा वाढते. अदलाबदल कमी झाली की कोलेस्टेरॉल एचडीएलमध्येच पडून राहते आणि रिपोर्टवरचा आकडा फुगतो. एरवी ट्रायग्लिसराइड्स वाढली की एचडीएल घटते. पण नियमित पिणाऱ्या माणसात दोन्ही एकदम वाढलेली दिसू शकतात, त्यामागे हा सीईटीपीचा भाग आहे. अनुभवी डॉक्टर असा रिपोर्ट पाहून दारूबद्दल विचारतात, तो त्यांचा चोखंदळपणा असतो. रुग्णाने तो संशय मानू नये.

आकडा वाढला म्हणजे संरक्षण वाढले का? एके काळी वैद्यकालाही तसे वाटत होते. ज्यांचे एचडीएल मुळात जास्त असते त्यांना हृदयविकार कमी होतो, हे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या रहिवाशांच्या अभ्यासातून १९७७ साली ठळकपणे पुढे आले, आणि त्यावरून औषधाने एचडीएल वाढवले तर हृदयविकार टळेल असा तर्क बांधला गेला. सीईटीपीलाच रोखणारे टॉर्सेट्रॅपिब हे औषध त्या तर्काची मोठी परीक्षा होती. त्याने एचडीएल ७० टक्क्यांहून अधिक वाढले, आणि तरीही औषध घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त झाले म्हणून डिसेंबर २००६ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. त्या औषधाने रक्तदाबही वाढत असे, त्यामुळे सगळा दोष एचडीएलवर टाकता येत नाही. पण पुढे आलेल्या डाल्सेट्रॅपिबने एचडीएल वाढवूनही रुग्णांना फायदा झाला नाही, आणि स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाच्या जोडीला नायासिन हे दुसरे औषध देऊन एचडीएल वाढवण्याचा प्रयोगही २०११ साली आवरता घ्यावा लागला. २०१२ साली आनुवंशिकतेच्या अंगाने हाच प्रश्न तपासला गेला: काही माणसांना जन्मतःच एका जनुकातल्या फरकामुळे एचडीएल थोडे जास्त मिळते, पण त्यांना हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण इतरांहून कमी आढळले नाही. २०१७ साली कोपनहेगनहून आलेल्या मोठ्या पाहणीत तर अतिशय उंच एचडीएल असणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण वाढलेले दिसले. एचडीएल कण काम किती करतात हे महत्त्वाचे. त्यांच्यात कोलेस्टेरॉल किती भरलेले आहे हा त्या कामाचा फार कच्चा अंदाज आहे.

मग थोडी पिणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो असे सांगणाऱ्या इतक्या पाहण्या कशा झाल्या? त्यांत न पिणाऱ्यांच्या गटात अनेकदा अशी माणसे मिसळलेली असतात ज्यांनी आजारामुळेच दारू सोडलेली असते, आणि बेताने पिणारे बहुधा खाऊनपिऊन सुखी, व्यायाम करणारे, वेळेवर डॉक्टरकडे जाणारे असतात. ही गुंतागुंत टाळण्यासाठी २०१४ साली अडीच लाखांहून अधिक लोकांची आनुवंशिक माहिती पाहिली गेली. अल्कोहोल पचवणाऱ्या विकराच्या जनुकात एक फरक असा आहे, की तो असणाऱ्याला दारू सोसत नाही आणि तो स्वभावतःच कमी पितो. बेताने पिण्याने हृदयाला खरोखरच फायदा होत असता, तर या मंडळींना हृदयविकार अधिक व्हायला हवा होता. प्रत्यक्षात त्यांना तो कमी होता. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे स्पष्ट सांगितले. त्यात कर्करोगाचा विचार मोठा आहे, पण तो या लेखाच्या कक्षेबाहेरचा.

आता एलडीएल का वाढलेले दिसते ते पाहू. इथे रिपोर्टचा कागद जवळून पाहण्यासारखा आहे. बऱ्याच ठिकाणी एलडीएल थेट मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्स मोजतात. ट्रायग्लिसराइड्सना ५ ने भागून येणाऱ्या संख्येला व्हीएलडीएल मानतात. आणि एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल व व्हीएलडीएल वजा करून उरेल ते एलडीएल म्हणून छापतात. फ्रीडवाल्ड यांचे हे सूत्र १९७२ पासून वापरात आहे. समजा, आषाढातल्या रिपोर्टमध्ये एकूण कोलेस्टेरॉल २१६, एचडीएल ४८ आणि ट्रायग्लिसराइड्स ३४० आहेत (सगळे आकडे डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये). व्हीएलडीएल ६८ आले आणि एलडीएल १००. श्रावण पाळून झाल्यावर त्याच माणसाचे एकूण कोलेस्टेरॉल १९६, एचडीएल ४३ आणि ट्रायग्लिसराइड्स १६० आली असे धरू. आता व्हीएलडीएल ३२ आणि एलडीएल १२१. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण असा नमुना प्रत्यक्षात दिसू शकतो. एलडीएल २१ ने वाढले, एचडीएल ५ ने घटले, आणि वाचणारा घाबरला.

ट्रायग्लिसराइड्स ३४० असताना हे सूत्रच डळमळीत झालेले असते. ती वाढत जातात तसे ते एलडीएल प्रत्यक्षाहून कमी दाखवू लागते, आणि ४०० च्या पुढे तर ते वापरूच नये असा नियम आहे. म्हणजे आषाढातले १०० हा आकडाच फसवा होता. शिवाय त्या वेळी बरेचसे कोलेस्टेरॉल चरबीने फुगलेल्या व्हीएलडीएलमध्ये आणि त्याच्या अर्धवट रिकाम्या झालेल्या अवशेषांमध्ये अडकलेले होते; हे अवशेषही रोहिणीत शिरतात. ट्रायग्लिसराइड्स पुष्कळ असताना बनणारे एलडीएल कण लहान आणि दाट होतात: प्रत्येकात कोलेस्टेरॉल कमी, त्यामुळे एकूण आकडा सौम्य, पण कणांची संख्या मात्र जास्त. दारू थांबल्यावर यकृताचा व्हीएलडीएलचा लोंढा ओसरतो, लायपेज आपले काम सुरळीत करू लागते, आणि कोलेस्टेरॉल नेहमीच्या आकाराच्या एलडीएलमध्ये दिसू लागते. म्हणून अशा दोन रिपोर्टांची तुलना करताना एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करून पाहावे. वरच्या उदाहरणात ही वजाबाकी आधी १६८ होती, नंतर १५३ झाली. रोहिणीला त्रास देणाऱ्या सगळ्या कणांतले कोलेस्टेरॉल मिळून १५ ने उतरले. याला नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल म्हणतात, ते काढायला वेगळा खर्च येत नाही, आणि तरी फार थोडे लोक ते पाहतात, याची मला खंत वाटते. शंका उरलीच तर अपो-बीची तपासणी करून घ्यावी. ती पुण्यातल्या मोठ्या प्रयोगशाळांत होते आणि कणांची संख्या सांगते.

फार वर्षे आणि फार पिणाऱ्यांच्या बाबतीत आकड्यांपलीकडेही बदल होतात. असिटाल्डिहाइड प्रथिनांना जाऊन चिकटते, अपो-बीलाही. असे बदललेले कण नेहमीच्या ग्राहकाला नीट ओळखू येत नाहीत. पुढे यकृताचा सिरॉसिस झाला, म्हणजे यकृत व्रणांनी घट्ट होऊन निकामी होऊ लागले, की अपो-ए-वन, अपो-बी ही प्रथिनेच पुरेशी बनत नाहीत, कोलेस्टेरॉल पक्के करून एचडीएलमध्ये बसवणारे एलकॅट हे विकरही घटते, आणि मग एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल, एचडीएल सगळेच उतरते. एकेकाळी भरपूर पिणाऱ्या माणसाचे कोलेस्टेरॉल काहीही औषध न घेता अचानक खाली आले, तर घरच्यांनी आनंद मानण्याऐवजी यकृताची तपासणी करून घ्यावी.

रक्ताची तपासणी करायची असेल तर आदल्या रात्री १२ तासांचा उपास पुरेसा नाही. त्याआधीचे दोन-तीन दिवस मद्य नको, नाहीतर ट्रायग्लिसराइड्सचा आकडा त्या बैठकीचाच असतो. थर्टीफर्स्टनंतरच्या आठवड्यात केलेल्या तपासणीवरून औषध ठरवले जाऊ नये म्हणून डॉक्टरांना खरे प्रमाण पेगमध्ये किंवा बाटलीत सांगावे. दारू थांबवल्यावर ट्रायग्लिसराइड्स काही दिवसांत उतरू लागतात आणि दोन-तीन आठवड्यांत बरीच खाली येतात. अपो-ए-वन रक्तात सरासरी चार-पाच दिवसच टिकत असल्याने एचडीएलचा फुगवटाही काही आठवड्यांत ओसरतो, आणि त्यासाठी पुन्हा ग्लास उचलण्याचे कारण नाही. ज्यांची ट्रायग्लिसराइड्स ५०० च्या वर आहेत त्यांनी मद्य पूर्ण बंद करावे, कारण हा आकडा हजाराकडे गेला की स्वादुपिंडाला तीव्र सूज येण्याचा धोका वाढतो, आणि बरगड्यांखाली सुरू होऊन पाठीत जाणारी असह्य कळ, सोबत उलट्या, असे झाले तर पित्त समजून गोळी घेत न बसता थेट रुग्णालय गाठावे.